राजाचे नऊ घारगे

एका राज्यात एका राजाच्या तोंडचा घास त्याच्याच माणसांनी काढून घेतला, आणि त्या काढून घेण्याला माया असे नाव दिले. ज्यांनी हे केले त्यांना कोणी जाब विचारला नाही, कारण जाब विचारण्याचे काम त्यांच्याकडेच होते. ज्यांनी पाहिले ते माना खाली घालून आपापल्या कामाला लागले. म्हणून ही गोष्ट सांगावी लागते.

त्या राजाचे नाव धैर्यकेतू. अंगाने थोराड, मनाने भोळा आणि खाण्याचा भारी शौकीन. एकदा शिकारीत वाट चुकून तो घोर रानात शिरला. दोन दिवस पोटात अन्नाचा कण नव्हता. तिसऱ्या दिवशी एक झोपडी दिसली. आत कोणी नव्हते. चुलीशेजारी केळीच्या पानाने झाकलेले एक ताट होते. राजाने हाक मारली नाही की वाट पाहिली नाही. पान दूर सारले आणि ताट चाटूनपुसून रिकामे केले.

झोपडी एका चेटकिणीची होती. तिचा मुलगा वर्षभर ससाणा होऊन आभाळात फिरे आणि वर्षातून एकच दिवस माणूस होऊन आईच्या हातचे जेवायला येई. ते ताट त्याचे होते. चेटकीण पाणी घेऊन परतली तेव्हा मुलगा दारात उभा राहून रिकाम्या ताटाकडे पाहत होता. त्याने आईला काही विचारले नाही. पंख पसरले आणि निघून गेला.

चेटकीण राजाला म्हणाली, "ज्या जिभेनं माझ्या लेकाचं ताट चाटलं, त्या जिभेची चैन तुझा दगड करील."

आणि राजा पायापासून कमरेपर्यंत दगड झाला. शोध घेत आलेल्या शिपायांनी त्याला पालखीत घालून राजवाड्यात आणले.

राजाला एकच मुलगी होती, शर्वाणी. राणी तिच्या लहानपणीच वारली होती. शर्वाणी वैद्यांच्या आश्रमात सहा वर्षे शिकून त्याच महिन्यात परतली होती. मुलगी हुशार, सडेतोड आणि फार घाईची. प्रधान म्हणाला, "राजकन्ये, चेटकिणीचे पाय धरावेत." ती म्हणाली, "शापालाही काही नियम असेल. तो शोधू. पाय धरायची वेळ येणार नाही."

आणि तिने नियम शोधला. राजाने तुपातले, गुळातले, तळलेले काही खाल्ले, की त्या एकेका जिनसामागे दगड एक बोट वर चढे. महिनाभर साधे खाल्ले, की दगड चार बोटे खाली उतरे.

मग पथ्य सुरू झाले. सकाळी जवाची पेज, दुपारी नाचणीची भाकरी आणि दुधीची अळणी भाजी, संध्याकाळी मुगाचे कढण. त्या राज्यात एक जुनी रीत होती: जो पथ्य सांगेल, त्याने ते रोग्यासमोर बसून स्वतःही पाळायचे. पुष्कळ वैद्य ही रीत दोन दिवस पाळत आणि तिसऱ्या दिवशी पाहुणे म्हणून कुठेतरी जेवायला जात. शर्वाणीने ती एक दिवसही मोडली नाही. तीच पेज, तीच भाकरी, तेच कढण. दरबारात ती ताठ मानेने सांगे, "माझ्या पानात नाही ते आबासाहेबांच्या पानात नाही, आणि त्यांच्या पानात आहे ते सगळं माझ्याही पानात आहे."

सात महिन्यांत दगड कमरेवरून गुडघ्याखाली आला. लोकांनी नगारे वाजवले. शर्वाणी दररोज सकाळी दोऱ्याने दगड मोजी आणि दोरा आखूड झाला की तिच्या डोळ्यांत पाणी येई. तिचे वडिलांवर प्रेम होते, याविषयी कोणी शंका घेऊ नये. सगळे वाईट त्यातूनच झाले.

एका सकाळी पेजेची वाटी खाली ठेवून राजा म्हणाला, "शर्वाणी, एक मागू?"

"मागा, आबासाहेब."

"महिन्यातून एक दिवस मला दोन घारगे खाऊ दे. लाल भोपळ्याचे. भागूबाई करते तसे, वर लोण्याचा गोळा घालून."

शर्वाणीने मनात हिशोब केला. "वीस बोटं दगड उरलाय. नेटानं पाळलं तर पाच महिने. दर महिन्याला दोन घारगे खाल्ले, तर दहा."

"मग दहा."

"पाच महिन्यांत होतंय, त्याला दहा का लावायचे?"

"तुला कुठे जायची घाई आहे, बाळ?"

"तुम्हाला चालताना पाहायची."

राजा हसला. "बसून का होईना, राज्य चालवतोय की."

"आज दोन म्हणाल, पुढच्या महिन्यात चार म्हणाल. आश्रमात मी असे शंभर रोगी पाहिलेत. आणि मी नाही का खात तेच? मी कधी कुरकुर केली?"

"तुला गोड लहानपणापासूनच आवडत नाही. तू सोडलंस काय?"

हे शर्वाणीला लागले. पण रोगी चिडचिडा झाला की असे बोलतो, हे तिने आश्रमात शिकले होते. म्हणून तिने त्या प्रश्नाचे उत्तर शोधले नाही. ती फक्त "नाही" म्हणाली आणि वाट्या उचलून निघून गेली. पुढे किती वर्षे ती या एका शब्दाशी भांडत राहिली, हे तिचे तिलाच ठाऊक.

भागूबाई ही मुदपाकखान्यातली म्हातारी स्वयंपाकीण. राजा तिच्या हातचे खाऊन मोठा झाला होता. एका दुपारी शर्वाणी दरबारात असताना भागूबाईने भाकरीखाली झाकून घारगे आणले. राजाने एक खाल्ला. दुसरा खाल्ला. आणि मग त्याला भीती वाटली, की हे पुन्हा कधी मिळणार नाही. त्या भीतीने तो मागत गेला आणि म्हातारी तळून आणत गेली. नऊ झाले. शेवटचे चार तर त्याने चवही न घेता गिळले, दाराकडे पाहत.

संध्याकाळी दोरा नऊ बोटे कमी पडला.

शर्वाणीने सगळ्यांना दरबारात उभे केले. "कोणी दिलं?"

"मी, ताईसाहेब," भागूबाई पुढे आली.

"तू माझ्या वडिलांना विष घातलंस."

"भोपळा, गूळ अन् कणीक घातली, ताईसाहेब. मीठ चिमूटभर."

दारातला भालदार फिसकन हसला. शर्वाणीचे कान तापले. त्या हसण्यापर्यंत तिने शिक्षा ठरवलेली नव्हती. "उद्या सूर्य मावळायच्या आत राज्याची वेस ओलांड," ती म्हणाली.

"खाल्ले मी," पालखीतून राजा म्हणाला. "हाकलायचं तर मला हाकल."

"तुम्ही रोगी आहात, आबासाहेब. दोष रोग्याचा नसतो."

भागूबाईने आपली दोन लुगडी बांधली, सून सगुणा हिला बरोबर घेतले आणि गेली. वेशीपर्यंत तिला पोचवायला कोणी गेले नाही.

त्या दिवसापासून राजाने जेवण टाकले. पेज पुढे आली की तो म्हणे, "भूक नाही." आणि ते खरेच होते. आता ना तूप पोटात जात होते ना गूळ, तरी दगड रोज एक बोट चढू लागला. शर्वाणीच्या पोथ्यांत असा नियम कुठे लिहिलेला नव्हता.

"आबासाहेब, माझ्यासाठी दोन घास घ्या."

"सात महिने तुझ्यासाठीच खाल्लं, बाळ. आता माझ्याकडे काही उरलं नाही."

दगडापासून काळजापर्यंत पस्तीस बोटे अंतर उरले, तेव्हा शर्वाणीने घोड्यावर खोगीर घातले आणि रानाची वाट धरली.

चेटकीण झोपडीत चुलीपुढे बसली होती. शेजारी पानाने झाकलेले ताट होते.

"मुलगा परत आला?" शर्वाणीने विचारले.

"नाही."

"मग हे ताट?"

"ज्या दिवशी येईल त्या दिवशी झाकलेलं हवं ना. म्हणून रोज वाढते. संध्याकाळी मुंग्यांना घालते." चेटकिणीने तिला नीट न्याहाळले. "तू त्या खादाडाची लेक. हाडं दिसायला लागलीत तुझी. काय हवं?"

"शाप मागे घ्या."

"तीन गोष्टी आण. धनेश पक्ष्याच्या मादीनं आपणहून दिलेलं पीस. यक्षाच्या रांजणातलं मूठभर धान्य. आणि जिला तू हाकललंस, तिची क्षमा. आधी कोणतं, नंतर कोणतं, ते तू ठरव."

शर्वाणी विचारात पडली. आश्रमात परीक्षेला बसताना तिची एक सवय होती: अवघड प्रश्न आधी सोडवायचे, सोपा शेवटाला ठेवायचा. "तिसरं सोपं आहे," ती म्हणाली. "ते शेवटी करीन."

चेटकीण चुलीत फुंकर घालत राहिली.

उत्तरेच्या रानात एका उंच बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी कोंडून बसली होती. ढोलीचे तोंड मातीने लिंपलेले होते आणि चोच बाहेर येईल एवढीच फट उघडी होती. नर बाहेरून तिला भरवत होता. शर्वाणीने खालून पीस मागितले.

"बैस खाली," नर म्हणाला. "सात दिवस बैस. मी काय काय आणतो ते बघ. मग बोलू."

शर्वाणी बसली. पहिल्या दिवशी त्याने उंबरे आणली. दुसऱ्या दिवशी उंबरे, तिसऱ्या दिवशी उंबरे. सहा दिवस उंबरेच आणली. सातव्या दिवशी तो उशिरा आला, दमलेला, एका पंखाला ओरखडा पडलेला, आणि चोचीत एकच पिकलेले करवंद होते.

"एवढ्या एका करवंदासाठी कुठवर गेला होतास?"

"तीन डोंगर पलीकडे."

"उंबरांनी तिचं पोट भरत नव्हतं?"

"भरत होतं."

"मग?"

"तू शिकलेली दिसतेस," पक्षी म्हणाला. "अगं, अंधारात बसलेल्या बाईला बाहेर रान आहे हे कधीतरी कळायला नको? नाहीतर ती ढोलीतच राहील. उडायला तिला कारण काय?"

आतून मादी हसली. फटीतून एक पांढरे पीस बाहेर आले आणि गिरक्या घेत शर्वाणीच्या हातात पडले. "घे," आतून आवाज आला. "आणि याला म्हणावं, पुढल्या वेळी दोन आण."

शर्वाणी पीस घेऊन निघाली. वाटेत तिला राजाची खोली आठवली: बंद खिडक्या, ओलसर भिंत, सात महिने तीच पेज. तिने घोड्याला टाच मारली.

यक्षाची गुहा दक्षिणेला होती. गुहेत शंभर रांजण होते आणि त्यांच्यावर यक्ष बसून होता. हातापायांच्या काड्या, पोट पाठीला लागलेले. गुहेच्या तोंडाशी माणसांच्या आकाराचे वीसबावीस दगड उभे होते.

"हे कोण?" शर्वाणीने विचारले.

"ज्यांनी चुकीचं उत्तर दिलं ते. रांजणात जगातलं सगळ्यात चांगलं धान्य आहे, मध आहे, तूप आहे. मी सगळ्यात चांगल्या दिवसासाठी राखून ठेवलंय. तो दिवस कोणता, ते सांग. चुकलीस तर तेविसावी."

सात महिन्यांपूर्वी विचारले असते, तर शर्वाणीने चटकन सांगितले असते: सगळी कामे पुरी होतील तो दिवस. दोरा शून्य होईल तो दिवस. उत्तर जिभेवर आलेही. पण तिला राजाचा चेहरा दिसला आणि तिने ते गिळले.

"रांजण शेवटचा कधी उघडला होता?"

"उघडला नाही. तो दिवस आला नाही."

"वास येतोय, महाराज," शर्वाणी म्हणाली. "दिवस आजचाच. उद्या एवढंही राहायचं नाही."

यक्षाने तिला दगड करायला हात उचलला, पण तो हात रांजणाच्या झाकणावर जाऊन थांबला. त्याने झाकण काढले. आत भुगा होता. दुसरा उघडला, तिसरा उघडला. धान्याला कीड लागलेली, मध वाळून गेलेला, तूप खवट. शंभराव्या रांजणाच्या तळाशी तेवढे चार मुठी धान्य धड राहिले होते. यक्ष ते ओंजळीत घेऊन लहान मुलासारखा रडला. मग त्याने मूठभर शर्वाणीला दिले आणि उरलेले शिजवायला चूल पेटवली. चूल पेटवायची कशी, ते तो विसरला होता. शर्वाणीने दाखवले. बाहेरचे दगड माणसे होऊन डोळे चोळत आपापल्या गावाला गेले.

तिसरे काम सोपे होते. पूर्वेच्या वेशीपलीकडे पहिलेच गाव, गावात पहिलेच घर. दारात सगुणा जात्यावर दळत बसली होती. शर्वाणीला पाहून ती उठली नाही.

"भागूबाई कुठे आहेत?"

"गेल्या," सगुणा म्हणाली. "आज पाचवा दिवस."

शर्वाणी उंबऱ्यावर बसली. त्या दिवशी आपण कुठे होतो, हे तिने आठवले. यक्षाच्या गुहेच्या वाटेवर होती. बेहड्याखालून उठली तेव्हा फाट्यावर दोन वाटा होत्या, एक गुहेकडे जाणारी आणि एक इकडे येणारी. इकडची वाट एका दिवसाची होती.

"काय झालं होतं?"

"म्हातारपण. आणि राजांनी जेवण टाकलं हे कानावर आलं, तेव्हापासून त्यांच्याही घशाखाली काही उतरेना."

"माझ्याविषयी काही म्हणाल्या?"

सगुणाने जात्याचा खुंटा धरला आणि सोडला. "म्हणायच्या, पोरगी सात महिने कोरडी भाकरी खातेय. भाजीला ताकाचा शिंतोडा द्यायला हवा होता मी."

"सगुणा, मला त्यांची क्षमा हवी होती."

"क्षमा मागितल्यावर देतात, ताईसाहेब. तुम्ही यायला हवं होतं."

शर्वाणीने जात्याला हात लावला आणि उरलेले दळण दळून दिले. तिला ते नीट जमले नाही. पीठ भरड पडले. मग ती क्षमेवाचूनच रानाकडे निघाली.

चेटकिणीने पीस घेतले, धान्य घेतले आणि विचारले, "तिसरं?"

"मिळालं नाही. मी उशीर केला." शर्वाणीने चेटकिणीचे पाय धरले. त्या क्षणी तिला त्यात काही कमीपणा वाटला नाही. "शाप मागे घेता येत नसेल, तर माझ्यावर घाला. मी साधं खाऊन सहज जगते. माझं फारसं बिघडायचं नाही."

"म्हणूनच तुझ्यावर घालून उपयोग नाही." चेटकिणीने ताटावरचे पान सारखे केले. "तुझा बाप त्या दिवशी दोन दिवसांचा उपाशी होता. मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर घरात पीठ होतं. दुसरं ताट वाढायला किती वेळ लागतो? पोरगाही थांबला असता. मी मनात शाप जुळवण्यात वेळ घालवला आणि तोवर तो उडून गेला."

"मग तुम्ही क्षमा कोणाची मागितली?"

"कोणाची मागू? आभाळाची? ज्याची मागायची तो तिथे नसतो, पोरी. हे मला ठाऊक होतं. तुला ठाऊक नव्हतं. आता झालं." तिने पीस आणि धान्य चुलीत टाकले. निळी ज्योत उठली आणि विझली. "जा. शाप गेला. पोट मात्र तुझ्या बापाचंच आहे. दिसेल ते खायला घालून दुसऱ्यांदा पालखीत बसवू नकोस."

शर्वाणी राजवाड्यात पोचली तेव्हा दगड वाळलेल्या चिखलासारखा गळून पडला होता आणि राजा खिडकीला धरून उभा होता. काळजाशी दोन बोटे अंतर उरले असताना दगड चढायचा थांबला होता. नगारे वाजत होते. प्रधान रडत होता. भालदारही रडत होता.

"भागूबाईला बोलावणं धाडलंस?" राजाने पहिला प्रश्न विचारला.

शर्वाणीने सगळे सांगितले. तिने आपली बाजू कुठे मांडली नाही. राजाने ऐकून घेतले आणि आठ महिन्यांनी उभा राहिलेला तो माणूस हळूच खाली बसला. त्याने मुलीला बोल लावला नाही. लावला असता तर तिला बरे वाटले असते.

राज्याची घडी पुन्हा बसली. राजा पायी दरबारात येऊ लागला. पथ्य चालू राहिले, कारण शाप गेला तरी वय जात नाही. पण भाजीला ताकाचा शिंतोडा मिळू लागला, खोलीच्या खिडक्या उघडल्या, आणि दर पौर्णिमेचे दुपारचे जेवण मोकळे ठरले. त्या जेवणाला राजाने काय खावे हे राजाने सांगायचे. सगुणाला मानाने बोलावून मुदपाकखाना तिच्या हाती दिला. ती आली, पण यायला तिने पंधरवडा लावला आणि तिला घाई करायची कोणाची छाती झाली नाही.

पहिल्या मोकळ्या पौर्णिमेला शर्वाणीने घारगे स्वतः केले. भोपळा किसताना बोट कापून घेतले, गूळ जास्त घातला, सात वेळा सगुणाला विचारले. भीती वाटत होती म्हणून वीस तळले. राजा आता किती मागेल, कुठे थांबेल, थांबवायचे झाले तर कोणत्या तोंडाने थांबवायचे, याचा विचार करत ती ताट घेऊन गेली.

राजाने पहिला घारगा सावकाश खाल्ला. कडा कडक झाल्या होत्या. भागूबाईचा हात त्यात नव्हता, आणि हे दोघांनाही कळले. दुसरा त्याने लोण्याला लावून खाल्ला. मग ताट बाजूला सारले आणि हात धुवायला पाणी मागितले.

"आणखी आहेत, आबासाहेब. आवडले नाहीत?"

"आवडले. पण पुरे आता. पुढच्या पुनवेला आहेतच की."

शर्वाणी उरलेल्या अठरा घारग्यांकडे पाहत राहिली. सगुणा ताट उचलायला आली होती. तिने ते उचलले, आणि जाता जाता, आवाज न चढवता म्हणाली, "सासूबाई राजांसाठी दोनच थापायच्या, ताईसाहेब. चाळीस वर्षं दोनच. तुम्ही विचारलं असतंत, तर सांगितलं असतं त्यांनी."